आंबोलीत दिसलेला पतंग, 'महाराष्ट्रातली पहिली नोंद' आणि माझे काही प्रश्न

रानवेडी
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण आता विचारल्याशिवाय राहवत नाहीये. मागच्या आठवड्यात आंबोलीला गेलो होतो, रात्री मुक्कामाच्या ठिकाणी बाहेरच्या दिव्याजवळ भिंतीवर एक चांगला मोठा पतंग येऊन बसला. पंख मिटलेले असताना शुद्ध वाळकं पान, मधली शीरसुद्धा आहे. जरा हलला तेव्हा मागचे पंख दिसले, ते भडक नारिंगी आणि त्यावर काळं काहीतरी. फोटो काढला आणि आमच्या भटक्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात एकाने 'अतिदुर्मिळ' म्हटलं, दुसऱ्याने 'महाराष्ट्रातली पहिलीच नोंद' आणि तिसऱ्याने ओळखीच्या पत्रकाराला पाठवूनही दिला. आता तो पत्रकार रोज फोन करतोय, मॅडम नाव सांगा, बातमी लावतो.

मला नावच माहीत नाही तर सांगू काय. पण त्यावरून डोक्यात किडा वळवळायला लागला (इथे शब्दशः घ्यायला हरकत नाही) की पहिली नोंद हे ठरवतं कोण? अशी काही यादी असते का की ज्यात बघायचं? आणि 'शंभर वर्षांनी पुन्हा सापडला' अशा बातम्या येतात त्या कशाच्या जोरावर? नुसता फोटो चालतो का? फोटो जोडलाय, मागचे पंख अर्धेच दिसतायत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टवाळ कार्टं
प्रकाश टाकला तर अजून पतंग येतील.

बाकी या धाग्यावरच्या पहिल्या प्रतिसादाची नोंद माझ्या नावावर करावी.

पाऊसपाणी
फोटो जबरी आहे. मी आधी पानाचाच फोटो समजून पतंग कुठाय ते शोधत होते.

संत्रेवाला
ताई, हा पतंग दुर्मिळ असेल तर आमच्या वरूड-मोर्शीकडे या, पोतंभर देतो.

मजाक नाही करून राहिलो. अंबिया बहाराची फळं रंगावर यायला लागली की यांची वरात सुरू होते. दिवसा बगीच्यात एक दिसणार नाही. रात्री टॉर्च मारत फिरलं की फळाफळावर डोळे लाल चमकतात. बाकी पतंगांची सोंड फुलातला रस प्यायपुरती नाजूक असते, याच्या सोंडेला टोकाशी कडक दाते असतात, संत्र्याची साल सरळ आरपार. सकाळी पाहाल तर फळावर टाचणीएवढं भोक, दाबलं की रस बाहेर, मग त्या भोकाभोवती तपकिरी गोल पसरतो, फळ सडते आणि गळते. मोसंबीवाल्यांचीही हीच रड. कृषीवाले सांगतात की गळलेली फळं उचलून पुरा, संध्याकाळी धूर करा आणि धुऱ्यावरची गुळवेल, वासनवेल काढा, कारण अळी फळावर नाही तर त्या वेलांवर वाढते. मोठा पतंग आमचा, पोरंबाळं जंगलाची.

त्या पत्रकाराला माझा नंबर द्या, चांगली बातमी देतो त्याला.

रानवेडी
@संत्रेवाला, हसू की रडू कळत नाहीये :)) ग्रुपवर तुमचा प्रतिसाद चिकटवू का?

कीटकमास्तर
संत्रेवाल्यांनी बरोबर ओळखलंय. हा युडोसिमा या प्रजातीतला पतंग आहे, फळातला रस शोषणारे म्हणतात तो गट. पण त्यात भारतात एकापेक्षा जास्त जाती आहेत आणि बसलेल्या पतंगाच्या फोटोवरून नाव लावायला मी धजणार नाही. मागच्या पंखावरचा काळा डाग पूर्ण दिसायला हवा. तो कडेपासून सुटा आणि गोल असेल तर एक जात, वाकडा स्वल्पविराम असेल तर दुसऱ्या. मागचे पंख दिसणारा अजून एखादा फोटो आहे का?

आता मूळ प्रश्न. राज्याची अधिकृत अशी एक वही कुठे ठेवलेली नाही की जिच्यात नाव नसलं की झाली पहिली नोंद. करावं लागतं ते असं की आधी जुनं साहित्य उपसायचं. पतंगांच्या बाबतीत सगळे रस्ते हॅम्प्सनपाशी जातात. हा माणूस निलगिरीत चहाचा मळेवाला होता, तिथे पतंगांचा नाद लागला आणि पुढे लंडनच्या संग्रहालयात बसून त्याने ब्रिटिश इंडियाच्या पतंगांचे चार खंड लिहिले, १८९२ ते १८९६. सव्वाशे वर्षं झाली तरी ओळख पटवायला आजही तेच उघडावे लागतात, नावं मात्र बरीचशी बदललीत. त्याच्याही आधी कर्नल स्विनहो, हा पुण्या-मुंबईकडे होता, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) १८८३ च्या संस्थापकांपैकी एक, त्याने १८८५ मध्ये मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरां-पतंगांवर लिहिलंय. हॉकमॉथ या पतंगांच्या कुळासाठी बेल आणि स्कॉटचा १९३७ चा खंड. मग अलीकडचे शोधनिबंध, झूलॉजिकल सर्व्हेच्या याद्या, संग्रहालयातले नमुने. एवढं चाळून काही सापडलं नाही तर 'आमच्या माहितीप्रमाणे पहिली नोंद' असं दबकत लिहितात. व्हॉट्सॲपवर हे अर्ध्या तासात होत असेल तर मला त्या ग्रुपात घ्या.

गंमत अशी की जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर ठिकाण म्हणून नुसतं 'बॉम्बे', 'दख्खन' किंवा 'कॅनरा' लिहिलेलं असतं. बॉम्बे म्हणजे मलबार हिल की अख्खा इलाखा? त्यामुळे १८८० मधली नोंद आजच्या महाराष्ट्रातली धरायची की नाही यावरच दोन अभ्यासक भांडू शकतात.

दिवाभीत
'दुर्मिळ' या विषयावर माझा जुना राग आहे तो इथे ओकून घेते. दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या पेपरात 'अमुक गावात आढळला दुर्मिळ ॲटलास पतंग'. सोबत फोटोत चार माणसं पतंगापेक्षा स्वतःकडे जास्त बघतायत. अरे बाबा, कोकणात, घाटावर, जिथे बरी झाडी आहे तिथे तो पावसाळ्यात निघतो. दिसत नाही कारण कोषातून बाहेर आला की जेमतेम आठवडाभर जगतो, त्याला खाता येईल असं तोंडच नसतं, अळी असताना खाल्लेल्यावर सगळा कारभार. जोडीदार शोधायचा, मादीने अंडी घालायची, संपलं. एवढ्या दिवसांत तो तुमच्याच पोर्चच्या दिव्यावर आला हे नशीब, पण त्याला दुर्मिळ नाही म्हणत. चंद्रपतंगाचंही तेच, तो फिकट हिरवा लांब शेपट्यांचा.

पाऊसपाणी
@दिवाभीत, त्या शेपट्यांचं काय प्रयोजन असतं हो? नुसती शोभा?

दिवाभीत
नाही नाही. त्याच्या अमेरिकेतल्या भावंडावर, लूना मॉथवर, प्रयोग झालेत, २०१५ मध्ये छापून आलं होतं. उडताना शेपट्या गरगरतात आणि वटवाघळाचा ध्वनीवरचा नेम चुकून तिकडे जातो. शेपूट तुटते, पतंग वाचतो. शेपट्या कापलेले पतंग वटवाघळांनी बरेच जास्त पकडले. म्हणून फाटक्या शेपटीचा चंद्रपतंग दिसला तर 'बिच्चारा' म्हणू नका, एक लढाई जिंकून आलेला असतो.

आबा खानदेशी
पुन्हा सापडण्यावरून आठवलं. पतंग नाही पण गोष्ट आमच्याकडची आहे म्हणून सांगतो. रानपिंगळा, एक छोटं घुबड. खानदेशात १८८४ नंतर खात्रीची नोंदच नाही, संपला असं धरून चालले होते. १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ सापडला. मधली ११३ वर्षं शोधलाच नाही असंही नव्हे. मायनर्ट्‌झहागन नावाच्या एका बड्या पक्षीवाल्याने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मारला म्हणून एक नमुना दाखवला होता, तो निघाला दुसऱ्याचा चोरलेला आणि चिठ्ठी बदललेला. लोक त्या खोट्या चिठ्ठीवर विसंबून भलतीकडे शोधत बसले. पक्षी बसला होता इकडे.

आणि तो १८८४ चा खरा नमुना जमवणारा कोण, तर डेव्हिडसन म्हणून कलेक्टर होता. हाच डेव्हिडसन पुढे कारवारला गेला तेव्हा वर मास्तरांनी लिहिलंय त्या बेलबरोबर अळ्या पाळायचा. बेल जंगल खात्यातला. अळी आणायची, ती कुठला पाला खाते ते लिहायचं, कोष होऊ द्यायचा, पतंग निघाला की नाव लावायचं. असे उद्योग करणारे साहेब होते खरे.

चिकित्सक
आबांची गोष्ट छान आहे पण पक्षी आणि पतंग एका मापाने मोजू नका. पिंगळा फोटोवरून ओळखता येतो. पतंगात कितीतरी जाती अशा आहेत की पंख सारखेच, फरक फक्त जननेंद्रियांत. त्यासाठी नमुना घ्यावा लागतो, पोटाचा भाग पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मऊ करायचा, कुंचल्याने खवले झाडायचे, मग सूक्ष्मदर्शकाखाली आतले कडक भाग सोडवून बघायचे. जोडीला एखादा पाय डीएनएसाठी. हे न करता नुसत्या मोबाईलच्या फोटोवर 'नवी नोंद' छापणारे वाढलेत, त्यांचा विज्ञानाला उपयोग शून्य.

हिरवी वाट
@चिकित्सक म्हणजे दुर्मिळ पतंग दिसला की आधी त्याला मारायचा आणि मग दुर्मिळ होता म्हणून रडायचं? हे मला कधी पटलेलं नाही आणि पटणारही नाही. आजकाल कॅमेरे इतके चांगले आहेत.

चिकित्सक
कॅमेरा कितीही चांगला असला तरी पोटाच्या आतलं दाखवत नाही. आणि एक पतंग घेतल्याने जात संपत नाही, माळावर हॅलोजन लावल्याने संपू शकते. रात्रभर जळणाऱ्या एका दिव्याखाली सकाळी किती मरून पडलेले असतात ते बघा एकदा.

हिरवी वाट
दोन्ही चूकच. एक चूक दाखवून दुसरी बरोबर ठरत नाही.

टवाळ कार्टं
*पॉपकॉर्न घेऊन बसलोय, दिवा बंद करून*

कीटकमास्तर
दोघांनाही थोडं थोडं पटेल असं सांगतो, म्हणजे दोघंही माझ्यावर चिडतील.

ॲटलास, चंद्रपतंग, कण्हेरीवरचा हिरवा हॉकमॉथ, कवटीचं चित्र पाठीवर घेऊन फिरणारा ॲकेरॉन्शिया, यांची निदान ढोबळ ओळख चांगल्या फोटोवर पटते, मारायची काही गरज नाही. पण भारतात पतंगांच्या दहा हजारांवर जाती आहेत, फुलपाखरं त्यामानाने तेराशे-चौदाशे. या दहा हजारांतला मोठा हिस्सा बोटाच्या नखावर मावेल एवढ्या तपकिरी-करड्या पतंगांचा आहे. तिथे चिकित्सक म्हणतात तेच खरं. दुसरं, नमुना घेणं ही कुणीही उठून करायची गोष्ट नाही. अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या परवानगीशिवाय काडी उचलता येत नाही, रात्री पडदा-दिवा लावायलाही परवानगी लागते. आणि घेतलेला नमुना घरच्या डबीत ठेवून उपयोग नाही, तो झूलॉजिकल सर्व्हे, बीएनएचएस अशा ठिकाणी जमा व्हायला हवा, म्हणजे उद्या कुणाला शंका आली तर उघडून बघता येईल. रानपिंगळ्याची लबाडी उघडी पडली तीसुद्धा नमुना संग्रहालयात होता म्हणूनच.

पण फोटोचा उपयोग शून्य म्हणणं हे जरा जास्तच झालं, चिकित्सक. आयनॅचरलिस्टवर, मॉथ्स ऑफ इंडियाच्या साइटवर लोकांनी टाकलेल्या फोटोंमुळेच कुठे काय बघायला जायचं ते कळतं.

चिकित्सक
शून्य मागे घेतो. पाच टक्के.

नीलमोहर
मला '१२७ वर्षांनी सापडला' अशी एक बातमी आठवतेय, तामिळनाडूतल्या कळक्काड-मुंडनथुराई व्याघ्र प्रकल्पातला पतंग. ती पण अशीच का?

कीटकमास्तर
नाही, ते काम व्यवस्थित झालेलं आहे. मिम्युसेमिया सिलोनिका नाव. हॅम्प्सननेच १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या पतंगावरून वर्णन केलेलं, आणि भारतातली नोंद थेट आपल्या काळात. पण बातमीचा मथळा वाचून असं वाटतं की पतंग १२७ वर्षं लपून बसला होता. तो बिचारा दरवर्षी आपला निघत असणार. त्या जंगलात, त्या ऋतूत, रात्री दिवा घेऊन बसणारा आणि हा गट ओळखणारा माणूस तिथे नव्हता. मधल्या काळात पतंगांकडे बघणारेच किती होते? पिकावरच्या किडीपलीकडे कुणी पैसा देत नव्हतं. म्हणून 'पुन्हा सापडला' वाचलं की मी आधी विचारतो, मधे शोधलं किती जणांनी? खूप शोधूनही सापडला नसेल तर ती खरी दुर्मिळता. शोधलंच नसेल तर दुर्मिळ होते शोधणारे.

नीलमोहर
हे आवडलं. याच चालीवरची मलेशियाची एक भारी केस आहे. हेटरोस्फेशिया टावोनॉइड्स, पारदर्शक पंखांचा निळा पतंग. १८८७ मध्ये सुमात्रात मिळालेला एकच मोडका नमुना व्हिएन्नाच्या संग्रहालयात, त्याचं नावसुद्धा ठेवलं गेलं २००३ मध्ये. जिवंत कुणी बघितलेलाच नाही. आणि २०१३ मध्ये तमन नेगाराच्या जंगलात नदीकाठी एका संशोधक बाईंना दिसला, तोही भर दिवसा, ओल्या वाळूवर मधमाश्यांच्या घोळक्यात चिखलपाणी करत, म्हणजे ओलीतलं पाणी शोषत. हा पतंग मधमाशीचं सोंग इतकं हुबेहूब घेतो, उडणं सुद्धा तसंच, की बघणारा मधमाशी समजून पुढे जातो. रात्रीच्या दिव्यावर शोधणाऱ्यांना तो कशाला मिळणार? तो मुळात दिवसा उडणारा.

पाऊसपाणी
दिवसा उडणारे पतंग असतात???

दिवाभीत
भरपूर. झेंडूवर भुंग्यासारखा घोंघावत एका जागी तरंगणारा, लोक ज्याचा व्हिडिओ काढून 'आमच्याकडे हमिंगबर्ड आला' म्हणून पाठवतात तो पतंगच. भारतात हमिंगबर्ड नाहीत हो, एकही नाही. खुळखुळ्याच्या माळावर पांढरट पंखांवर लाल-काळे ठिपके असलेला नाजूकसा उडतो तो युटेथीसा पण पतंग, त्याची अळी खुळखुळ्याच्या शेंगा खाऊन विष अंगात साठवते म्हणून त्याला दिवसा फिरायची भीती नाही.

शेतकरी पुत्र
तुम्ही सगळे नवीन नोंद म्हटलं की टाळ्या वाजवता, आमच्या पोटात गोळा येतो. टुटा ॲब्सोल्युटा, टोमॅटोवरची, भारतातली पहिली नोंद २०१४ ची आणि ती आपल्या महाराष्ट्रातली, पुण्याकडची. मूळची दक्षिण अमेरिकेतली. करड्या रंगाचा एवढुसा पतंग, दिव्यावर आला तर कुणी ढुंकून बघणार नाही. पण अळी पानात शिरून आतला गर खाते, वरून नुसते पांढरे फोड दिसतात, मग फळात देठाजवळ भोक. त्यानंतर २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी, मे महिन्यात कर्नाटकात पहिल्यांदा मक्यावर सापडली आणि त्याच वर्षी आपल्याकडे येऊन पोचली. मक्याच्या पोंग्यात डोकावलं की भुसा पडल्यागत विष्ठा. डोक्यावर इंग्रजी वाय उलटा, आणि शेपटीकडे चार काळे ठिपके चौकोनात, हे दोन्ही दिसलं की समजायचं.

तेव्हा नवीन नोंदी करणाऱ्यांनी त्या लवकर आणि मोठ्याने कराव्यात ही नम्र विनंती. वर्षभर निबंध छापून यायची वाट बघितली तर तोवर तालुका संपतो.

संत्रेवाला
+१०००

चिकित्सक
@शेतकरी पुत्र, मुद्दा मान्य, पण लष्करी अळीचीसुद्धा ओळख आधी नमुने तपासून आणि डीएनए बघूनच पक्की केली होती. आपल्याकडे तिच्यासारख्या दिसणाऱ्या अळ्या आधीपासून आहेत. गडबडीत चुकीचं नाव लागलं तर फवारणीही चुकीची.

शेतकरी पुत्र
ते पण खरंय.

मी मुंबईकर
अवांतर: पतंग दिव्याकडे का येतात? शाळेत शिकवलं होतं की चंद्र समजून. दिवाभीत ताई, सांगा, तुमचं नावच तसं आहे.

दिवाभीत
चंद्रवाली थिअरी आता मागे पडलीय. २०२४ च्या जानेवारीत एक निबंध आला, वेगवान कॅमेऱ्याने कीटकांचं उडणं टिपलेलं. त्यांना दिवा आवडतो वगैरे काही नाही. रात्री उजेडाची बाजू म्हणजे आकाश, म्हणजे वर, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणून ते पाठ उजेडाकडे ठेवून उडतात. दिवा बाजूला असला की पाठ तिकडे वळवायच्या नादात गोल गोल फिरत राहतात, दिवा खाली असला तर उलटे होऊन आपटतात. अडकतात बिचारे. म्हणून काम झालं की दिवा बंद करा हो, विशेषतः रिसॉर्टवाले.

सह्यभटक्या
पडदा लावून बघायचा असेल त्यांच्यासाठी थोडं. पांढरी चादर ताणून, मर्क्युरी किंवा यूव्ही दिवा. अमावास्येच्या आसपास, ढगाळ, दमट, वारा पडलेला असेल तर चादर भरून जाते. पौर्णिमेला हात हलवत परत. पण काही पतंग दिव्याला भीकच घालत नाहीत. त्यांच्यासाठी गूळ आणि पिकून काळी पडलेली केळी कालवून दोन दिवस आंबू द्यायची आणि संध्याकाळी कुंचल्याने झाडांच्या बुंध्यावर डोळ्यांच्या उंचीला थापायची. रात्री लाल टॉर्चने फिरून बघायचं. मोठमोठे घुबडडोळे इरेबस त्या लेपावर सोंड टाकून तल्लीन झालेले असतात. ताईंचा फळरसवाला सुद्धा यायला हरकत नाही. वास मात्र बायको घरात घेणार नाही असा असतो.

मी मुंबईकर
मुंग्या नाही येत?

सह्यभटक्या
येतात ना. मुंग्या, झुरळं, गोगलगाय, एकदा उदमांजर येऊन चाटून गेलं. सर्वसमावेशक कार्यक्रम असतो.

नीलमोहर
जंगलातच जायला पाहिजे असं पण नाही. वेल्समध्ये पोर्ट टॅलबटला एका पर्यावरण अभ्यासक बाईंच्या घरातच खिडकीपाशी काचपंख्या पतंग फिरताना दिसले. डीएनए केलं तर विज्ञानाला माहीतच नसलेली जात, २०२४ मध्ये नाव दिलं. आले कुठून, तर घरातलं माणूस गयानाला जाऊन आलं होतं, त्यांच्या बुटांबरोबर तिथल्या झाडाचा तुकडा अडकून आला आणि त्यात कोष. आणि डेट्रॉइट विमानतळावर फिलिपिन्सहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बियांच्या शेंगा होत्या, त्यात अळ्या. त्यांचे पतंग होऊ दिले तर निघाली १९१२ नंतर कुणीच न पाहिलेली जात. १९१२ मध्ये वर्णन केलं होतं कुणी? पुन्हा आपले हॅम्प्सन साहेब, श्रीलंकेचा पतंग.

टवाळ कार्टं
हॅम्प्सनला दुसरं काही काम नव्हतं का?

कीटकमास्तर
नव्हतं, म्हणून तर आपलं चाललंय.

रानवेडी
मंडळी, इतकं भरभरून लिहिलंत, मी नुसती वाचतेय. तर अपडेट: आमच्या ग्रुपमधल्या मैत्रिणीकडे पतंग उडायच्या क्षणाचा फोटो निघाला, थोडा हललाय, पण मागचे पंख पूर्ण दिसतात. जोडलाय. नारिंगी पंख, बाहेरच्या कडेला काळा पट्टा आणि मधे सुटा, गोल, काळा ठिपका. @कीटकमास्तर, बघाल का?

कीटकमास्तर
वा, काम झालं. गोल आणि कडेपासून वेगळा. युडोसिमा मटर्ना. ठिपका असा स्वच्छ दिसत असताना मला शंका नाही, चिकित्सकांना असेल तर त्यांनी सांगावं.

चिकित्सक
नाही. मटर्नाच. यासाठी पोट उघडायची गरज नाही :)

कीटकमास्तर
तर पहिली नोंद वगैरे काही नाही. आफ्रिकेपासून भारत, पुढे पार ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली जात आहे. पण हा फोटो तारीख आणि नेमक्या जागेसह आयनॅचरलिस्टवर चढवाच. संत्र्याच्या बागेतले पतंग लिहिले जातात कारण तिथे नुकसान होतं. घाटमाथ्याच्या जंगलात तो कुठल्या महिन्यात असतो, कुठल्या वेलावर वाढतो, हे फार कमी लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी तिथे गुळवेल दिसली तर पानं उलटून बघा, गडद रंगाची मऊ अळी, अंगावर दोन्ही बाजूंना डोळ्यासारखे ठिपके, डिवचली की डोकं खाली मुडपून घेते. सापडली तर वेलासकट फोटो काढा. त्या फोटोची किंमत आत्ताच्या फोटोपेक्षा जास्त आहे.

संत्रेवाला
मास्तर, आम्ही वेल काढा म्हणतो आणि तुम्ही शोधून फोटो काढा म्हणता.

कीटकमास्तर
तुम्ही धुऱ्यावरची काढा, त्या जंगलातली बघतील. भांडण नाही.

हिरवी वाट
जंगलातली गुळवेल लोक काढ्यासाठी ओरबाडून नेतात ते राहिलंच. पण तो वेगळा धागा होईल.

रानवेडी
नक्की शोधते. पत्रकाराला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे दुर्मिळ नाही?" मी म्हटलं नाही. जरा वेळ गप्प, मग म्हणाला "मग संत्रा उत्पादक हवालदिल अशी करू का?" संत्रेवाले, तुमचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

संत्रेवाला
केला.

टवाळ कार्टं
आता माझीही एक नोंद घ्या. आमच्या बाथरूमच्या भिंतीवर रोज करडे, केसाळ, दोन-तीन मिलिमीटरचे पतंग बसलेले असतात. पंख छपरासारखे पसरून. फुंकर मारली की जरासं उडून परत तिथेच. फोटो जोडलाय. हॅम्प्सनच्या नजरेतून सुटलेले असावेत. नाव माझ्या नावावरून ठेवलं तर उपकार होतील.

कीटकमास्तर
त्या माश्या आहेत. ड्रेन फ्लाय. मोरीच्या जाळीखाली जो बुळबुळीत थर साठतो त्यात त्यांच्या अळ्या वाढतात.

दिवाभीत
नाव ठेवायलाच हवं म्हणा, पण माश्यांना नाही.

टवाळ कार्टं
घासणी आणतो.